टिचबटणाचा दिवा

ही गोष्ट एकोणीसशे बाहत्तर सालची. साल पक्कं आठवतं, कारण त्या वर्षी आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंचं लग्न ठरलं, त्या परगावी गेल्या, आणि विज्ञान माझ्या अंगावर पडलं.

मी शिवणाची बाई. नोकरी हंगामी. हंगामी म्हणजे काय, तर दर उन्हाळ्याच्या सुट्टीत आपण आहोत की नाही हे आपल्याला ठाऊक नसतं आणि सुट्टी संपल्यावर मुख्याध्यापिकाबाई आपल्याकडे 'अजून आहात वाटतं' अशा नजरेने बघतात. त्यांना आम्ही सगळे हेडबाई म्हणत असू. त्या वर्षी वरच्या कचेरीत कुणाच्या तरी मनात आलं होतं की मुलींना शिवण घरी येतंच, तेव्हा तो विषय वेळापत्रकातून काढावा. विषय गेला की बाईही जाणार, हे उघड होतं.

मला ती नोकरी हवी होती. कारण साधं होतं. घरात मला कुणी सूनबाई म्हणे, कुणी वहिनी म्हणे, आमचे हे 'अगं ऐकलंस का' म्हणत. शाळेत मात्र मी वर्गात शिरले की पन्नास मुली उठून उभ्या राहत. ज्याच्यासाठी रोज कुणी उठून उभं राहत नाही त्याला हे सुख सांगून कळायचं नाही.

तर हेडबाईंनी मला बोलावलं. पुढच्या पंधरवड्यात तपासणीचे साहेब यायचे होते, ते सातवीचा विज्ञानाचा तास बघणार होते, आणि धडा विजेचा होता. तास चांगला झाला तर विज्ञानाच्या रिकाम्या जागी तुमचं नाव सुचवते, असं त्या म्हणाल्या. नाही झाला तर काय, हे त्या म्हणाल्या नाहीत. नुसता चष्मा पुसला.

"पण वीज मला येत नाही," मी म्हटलं.

"का? तुम्ही मशीन चालवता ना?"

"ते पायाचं आहे."

"मग पाय तुमचाच ना?"

हा युक्तिवाद घेऊन मी विज्ञानाचं सामान शोधायला निघाले.

विज्ञानाचं सामान एका कपाटात होतं आणि कपाटाची किल्ली हेडक्लार्ककडे. हेडक्लार्क तत्त्वाचा माणूस. सामान हवं असेल तर विज्ञान-शिक्षकांच्या नावे अर्ज करा, म्हणाले. विज्ञान-शिक्षक तूर्त मीच आहे, असं मी सांगितलं. मग अर्ज करा आणि मंजूर करून आणा, म्हणाले. मी तिथल्या तिथे स्वतःला सविनय विनंती केली आणि खाली 'मंजूर' लिहून सही ठोकली. त्यांनी कागद बराच वेळ न्याहाळला. अर्जदार आणि मंजूर करणारा एकच असला तर संगनमत होतं, असं त्यांचं मत पडलं. मी म्हटलं, नामंजूर करू का? तेही चालणार नव्हतं, त्यात आकस दिसतो. शेवटी हेडबाईंनी कपाट उघडवलं. आत एक नालाच्या आकाराचा लोहचुंबक, खोखोचा ढाल-चषक आणि डाव्या हाताशिवाय एक सांगाडा निघाला. वीज कुठेच नव्हती.

तेव्हा वीज मी घरी करायची ठरवली.

दोन सेल, टॉर्चचा एक बल्ब आणि गुंडाळीभर तार आणली. पुस्तकात आकृती होती, पण आकृती बघून मला काही कळत नाही. मला कापड लागतं. तारेचं एक टोक सेलला लावलं, दुसरं बल्बला. सुईत दोरा ओवावा तितकं ते सरळ होतं. बल्ब लागला नाही.

आमचे हे विमा कचेरीत होते आणि त्यांना सगळं ठाऊक असे. मात्र ते कशाला हात लावत नसत. खुर्चीत बसून त्यांनी मला विजेचं मूळ स्वरूप समजावलं. ते अतिशय सूक्ष्म होतं. बल्ब तसाच.

एवढ्यात शेजारचे प्रेशरकाका आले. ते पाणीखात्यातून निवृत्त झालेले होते आणि जगातल्या सगळ्या अडचणी प्रेशर कमी पडल्यामुळे येतात हे त्यांना नोकरीत उमगलं होतं. त्यांनी एक नजर टाकली आणि म्हणाले, "सेल जमिनीवर ठेवलात तर वीज चढणार कशी? टाकी कुठे असते? गच्चीवर." मग सेल कपाटावर गेले, बल्ब खाली पाटावर, आणि तार सरळ उभी ताणली गेली. तरी अंधारच. काकांच्या मते तारेने हवा धरली होती. त्यांनी ती झटकली. सेल कपाटाच्या मागे पडले आणि कपाट हलवावं लागलं. वरच्या मजल्यावरच्या वहिनी आवाज ऐकून उतरल्या आणि घर बदलताय का म्हणून विचारू लागल्या.

बल्बच गेलेला असणार, असा निष्कर्ष काढून आमचे हे दुसरा आणायला बाहेर पडले. ते बाहेर पडल्याबरोबर सासूबाईंनी उठून दाराला कडी घातली. ही त्यांची जुनी सवय. दाराबाहेर कुणी गेलं की कडी. मग ते परत यायचं असो की नसो.

आम्ही तिघं कपाट जागेवर ढकलत होतो, त्यातच काका प्रेशरवर बोलत होते, त्यामुळे दार वाजलेलं कुणालाच ऐकू आलं नाही. बऱ्याच वेळाने मला आठवण झाली. दार उघडलं तर हे जिन्याच्या पायरीवर मांडीवर बल्ब घेऊन बसले होते. चेहरा असा, की विमा काढणाऱ्यांनी तो जाहिरातीला वापरावा.

"एवढा वेळ लागला?" सासूबाई म्हणाल्या.

"दार बंद होतं," हे म्हणाले.

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "माणसाला बाहेर पाठवायचं तर परत यायला दार नको का उघडं ठेवायला? नुसतं पाठवून काय उपयोग, सूनबाई?"

कडी त्यांनीच घातली होती. एरवी मी तेवढं तरी पुटपुटले असते. पण माझं लक्ष त्या बल्बकडे गेलं. मी वीज पाठवली होती. तिला परत यायला दार कुठे ठेवलं होतं? मशीनवर वरचा दोरा एकटाच सोडला तर टाका पडत नाही, खालून बॉबिनचा दोरा येऊन त्याला गाठावं लागतं. हे मी वर्षानुवर्षं मुलींना शिकवत आले होते. मी दुसरी तार घेतली आणि बल्बच्या बाजूपासून परत सेलच्या बुडाला टेकवली.

बल्ब लागला. काका म्हणाले, प्रेशर आलं.

त्यानंतर मला कुणी आवरू शकलं नाही. तार माझं ऐकत नव्हती, धागा ऐकतो. शाळेच्या कशिद्याच्या पेटीत तांब्याच्या बारीक तारेचा चमचमता धागा असे, तो मी सुईत ओवला आणि एका जाड कापडावर आमची इमारतच भरायला घेतली. प्रत्येक घराला एक खिडकी, खिडकीत एक बल्ब. आणि दिवा लावायला बटण हवं, तर माझ्याकडे पोलक्याची टिचबटणं डबाभर होती. धातूची दोन तोंडं, टिच केलं की जुळतात आणि उघडलं की सुटतात. विजेच्या बटणात याहून वेगळं काही नसतं, हे मी पुढे एका दुकानदाराला पटवून दिलं तेव्हा तो म्हणाला, मग पोलक्यालाच दिवा लावा.

आधी आमच्या घराची खिडकी उजळली. लख्ख. ते बघून काकांनी आपलं घर घालायला लावलं. मग वरच्या वहिनींचं. काका आणि वहिनींचं गच्चीतल्या टाकीवरून जुनं वाकडं होतं. दोघांपैकी कुणी एक कापडावर असून दुसरं नसणं इमारतीच्या शांततेला परवडणारं नव्हतं. मी धावदोऱ्याने भरत गेले; एका खिडकीतून निघालेला धागा दुसरीत, दुसरीतून तिसरीत, आणि शेवटी सेलकडे परत. कामात खंड नाही, मागच्या बाजूने गाठ नाही. असा सफाईचा धावदोरा मी आयुष्यात घातला नव्हता.

मात्र काकांचा बल्ब आला तेव्हा आमचा मंदावला. वहिनींचा आला तेव्हा तिन्ही राखेखालच्या विस्तवासारखे झाले.

"ह्या आल्या आणि माझा उजेड गेला," काका म्हणाले.

"आमच्या वाटचा त्यांनीच वरच्यावर ओढला," वहिनी म्हणाल्या. "पाण्याचं करतात तसंच."

आमच्या ह्यांनी खुर्चीतून समजावलं की कुणी ओढलेला नाही, वीज एकाच वाटेने सगळ्यांच्या घरून चाललेली आहे आणि सगळे सारखेच मंद आहेत. ह्याने दोघांचंही समाधान होईना. भांडणात हार पत्करता येते, बरोबरी नाही. काकांनी रागाच्या भरात आपलं टिचबटण उघडलं. माझा दिवा नको ह्या ओळीत, म्हणाले. त्यासरशी सगळी इमारत विझली.

काका थबकले. त्यांनी बटण लावलं. सगळे लागले. उघडलं, सगळे विझले. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरलं ते मी त्यांच्या निवृत्तीनंतर प्रथमच पाहत होते. मुख्य कॉक पुन्हा हातात आला होता. चहा होईपर्यंत त्यांनी वहिनींचं घर कितीदा अंधारात घातलं त्याची गणती नाही.

असलं कापड साहेबांपुढे नेण्यात अर्थ नव्हता. पुस्तकातली पुढची आकृती मी ह्यांच्याकडून वाचून घेतली. उपाय शिडीचा होता. दोन लांब धागे समांतर घालायचे, एक जाण्याचा, एक येण्याचा. आणि प्रत्येक घर मध्ये पायरीसारखं, ज्याची त्याची वाट वेगळी. म्हणजे मग एकाने दार लावलं तरी दुसऱ्याचा दिवा जात नाही. सगळा धावदोरा उसवला. पण उसवलेला धागा तुटका झाला आणि शाळेची पेटी रिकामी झाली. हेडक्लार्क म्हणाले, नवीन धागा शिवण खात्यातून येईल. पण शिवण खातं राहणार की नाही हे तपासणीनंतर ठरणार असल्याने तूर्त मागणी करता येत नाही.

मी घरी येऊन ते अर्धं कापड पुढ्यात घेऊन बसले. कुणाला काही म्हटलं नव्हतं. सासूबाई आत गेल्या आणि आपल्या लग्नातली शाल घेऊन आल्या. काठ रुंद, जुन्या पद्धतीच्या खऱ्या जरीच्या तारेचा.

"हा काठ काढून घे."

"अहो आई, ही तुमची लग्नातली."

"मग? पेटीत पडून कुणाला उजेड देतेय?"

"आणि बिघडली तर?"

"बिघडली तर शिवणाची बाई कसली तू."

हे प्रोत्साहन होतं की टोमणा, ते त्यांच्या बाबतीत कधी वेगळं काढता येत नसे. मी शाल मांडीवर घेऊन काठ सोडवला. त्या समोर बसून बघत होत्या आणि अध्येमध्ये, ओढू नकोस, एवढंच म्हणत होत्या.

तपासणीच्या दिवशी कापड तयार होतं. प्रत्येक खिडकी स्वतंत्र, लख्ख. काकांचं बटण उघडून पाहिलं. फक्त काका विझले. वहिनींनी ते मुद्दाम पुन्हा करायला लावलं. मग मी शिवणाच्या बाईने करावं तेच केलं. कापडाला इस्त्री केली, कडेला कड जुळवून चौकोनी घडी घातली, सेल त्यांच्या खिशात शिवलेले होते ते तसेच ठेवले, आणि चुणी पडू नये म्हणून मीच शिवलेल्या कापूस भरलेल्या पिशवीत घातलं. कापडाची नीट घडी घालू नये असा प्रसंग आयुष्यात येईल, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

शाळेत शिक्षकांच्या खोलीत स्वागताची गडबड होती. पिशवी भिजू नये, मळू नये म्हणून मी ती खोलीतल्या एकमेव बऱ्या खुर्चीवर ठेवली आणि फळा बघायला गेले. परत आले तो साहेब आले होते. हेडबाईंनी त्यांना ती बरी खुर्ची दिली होती, आणि वर एवढी मऊ गादी कुणी घातली म्हणून कौतुकाने ती थोपटलीही होती. साहेब माझ्या इमारतीवर बसले होते.

गाण्याच्या बाईंनी पेटीवर सूर धरला, मुलींनी शाळेचं गीत सुरू केलं. मध्ये जाऊन, साहेब जरा उठता का, असं म्हणण्याची सोय नव्हती. मी दाराशी उभी राहून मनात आकृती मांडत होते. साहेब वजनाने भरदार होते. त्यांच्या भाराने आतली सगळी टिचबटणं लागली असणार. ते चालेल. पण घडी. घडीत जाण्याचा धागा येण्याच्या धाग्यावर आला असणार, आणि साहेब दोघांना घट्ट जुळवून बसले असणार. म्हणजे विजेला खिडक्यांमधून जायचं कारणच उरलं नव्हतं.

पहिल्या कडव्याला साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्याला त्यांनी किंचित बैठक बदलली. तिसऱ्याच्या सुरुवातीला त्यांच्या कपाळावर आठी आली आणि ते एकदम, ताठ, उभे राहिले.

हेडबाईंना वाटलं, शाळेच्या गीताचा मान. त्या गहिवरल्या आणि उभ्या राहिल्या. मग सगळ्या बाई उभ्या राहिल्या, हेडक्लार्क राहिले, शिपाई आधीच उभा होता तो आणखी ताठ झाला. गीताला कडवी बरीच होती. साहेब शेवटपर्यंत उभे होते. कुणी बसा म्हटलं नाही, आणि त्यांनाही बसायची घाई दिसली नाही. एवढंच की त्यानंतरची सबंध तपासणी त्यांनी भिंतीला पाठ लावून केली. एका खोलीतून दुसरीत जाताना, आधी तुम्ही, आधी तुम्ही, असं म्हणून सगळ्यांना पुढे घालत. इतके नम्र साहेब आम्ही पाहिले नव्हते.

सातवीत मी कापड उघडलं तेव्हा वास आला. शिडीच्या अगदी सुरुवातीला, सेलजवळ, करपलेलं भोक पडलं होतं आणि काठाची तार तिथे काळी होऊन तुटली होती. सेल हाताला गरम लागत होते आणि मेलेले होते. पन्नास मुली उभ्या होत्या. त्यांना बसा म्हणायचंही मला सुचेना. साहेब मागच्या भिंतीला टेकून उभे होते. मी मनात म्हटलं, बघून घे, ह्या शेवटच्या उभ्या राहिल्या तुझ्यासाठी.

मग पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "बाई, हे भोक रफू करायचंय का?"

सवयीची गोष्ट. शिवणाच्या बाईला कुणी भोक दाखवलं की तिचे हात थांबत नाहीत. मी मुलींना बसवलं आणि सांगायला लागले. दोरा तुटला की शिवण उसवते, वाट तुटली की वीज थांबते. इथे काय लावता येईल? मुलींच्या पोलक्याला, फितीला सेफ्टी पिना होत्या. त्या लोखंडी. साखळीसारख्या एकीत एक अडकवून आम्ही भोकावर पूल बांधला. आता सेल हवेत, मी म्हटलं, आणि सगळ्या मुली इकडेतिकडे बघू लागल्या. साहेब भिंतीला धरून सरकत पुढे आले आणि त्यांनी दौऱ्याच्या पिशवीतला आपला टॉर्च उघडून सेल माझ्या हातात दिले.

एकेका मुलीने येऊन टिचबटण लावलं. खिडक्या एकेक करून लागल्या. पूल पिनांचा, पण उजेड लख्ख. प्रेशरकाकांचा बल्ब तेवढा फुटला होता. तो न लागूनही बाकीचे लागलेले पाहून मुलींनी विचारायच्या आत मला शिडीची गोष्ट सांगता आली.

साहेबांनी विचारलं, "बाई, हे भोक पडलं कशाने?"

हेडबाई चष्मा काढण्याच्या बेतात होत्या.

"घडी चुकली, साहेब," मी म्हटलं. "जाण्याचा धागा येण्याच्या धाग्याला टेकला. दिव्यातून जायचं म्हणजे विजेला काम पडतं. जवळची वाट दिसली की ती काम टाकून घरी पळते. आणि अशी पळाली की चटका बसतो."

साहेबांचा हात नकळत मागे गेला.

"बसतो," ते गंभीरपणे म्हणाले.

जाताना दाराशी, पाठ चौकटीला लावून, त्यांनी हेडबाईंना सांगितलं, "शिवणाच्या तासाला विजेची जोड दिलीत, हे मला फार आवडलं. हा विषय काढू नये असंच मी कळवणार आहे. ह्या बाईंना कायम करा." आणि मग जरा नाराजीने, "विज्ञानाचा तास मात्र तुम्ही मला दाखवलाच नाहीत."

त्यांचा गैरसमज दूर करावा असं हेडबाईंना वाटलं असावं, पण त्यांनी चष्मा घातला. अशा रीतीने मी विजेवर पास झाले आणि शिवणात कायम झाले.

घरी गेले ती सासूबाईंच्या पुढे कापड धरायचं कसं हे ठरवतच. साहेब कापडावर बसले, एवढंच मी सांगितलं. त्यांनी भोक पाहिलं, काळी पडलेली तार बोटाने चाचपली.

"साहेब ह्यावर बसले?"

"बसले."

"चटका बसला त्यांना?"

"बसला."

"मग वाया नाही गेली शाल," त्या म्हणाल्या, आणि कडी घालायला उठल्या.

विज्ञानाला पुढे एक नव्या बाई आल्या. त्यांनी कपाटातल्या सांगाड्याला डावा हात मिळवला. हेडबाई निवृत्त होईपर्यंत त्या साहेबांच्या देशप्रेमाबद्दल बोलत राहिल्या. शाळेत अजूनही गीताच्या तिसऱ्या कडव्याला सगळे उभे राहतात; का, ते कुणाला माहीत नाही. साहेब बढतीवर गेले. हेडक्लार्कांनी स्वतःच्या रजेचा अर्ज स्वतः मंजूर करण्याची वेळ येईल म्हणून एकदाही प्रभारी पद घेतलं नाही. प्रेशरकाका आणि वरच्या वहिनी टाकीवरून भांडतच म्हातारे झाले. काका गेले तेव्हा सगळ्यांत आधी वहिनी जिना उतरून आल्या आणि सगळ्यांत शेवटी वर गेल्या. आमचे हे विमा कचेरीतून निवृत्त झाले तेव्हा निरोपाच्या भाषणात विजेवर बोलले. ते सूक्ष्म होतं. त्यांना जाऊनही आता बराच काळ झाला.

सासूबाई शेवटची काही वर्षं अंथरुणाला होत्या. हाक मारणं त्यांना कमीपणाचं वाटे आणि काठी आपटली की वरच्या वहिनी खाली येत. तेव्हा मी ते कापड त्यांच्या उशाशी भिंतीला लावलं, त्यातून दोन तारा स्वयंपाकघरापर्यंत नेल्या, एक जायला, एक यायला, आणि ओट्यावर एक बल्ब बसवला. त्यांनी आमच्या घराचं टिचबटण लावलं की ओट्यावर दिवा लागे आणि मी हात पुसून जाई. बहुतेक वेळा त्यांना काही नको असे.

"काय हो, आई?"

"काही नाही. लागतो का बघत होते."

त्या गेल्यावर तारा काढल्या; बल्ब काढला नाही, कापडही भिंतीवरून उतरवलं नाही. आता माझी सून म्हणते, आई, हे अडगळीचं आता टाकूया. टाकूया, मी म्हणते. आणि बाजारात गेले की सेल घेऊन येते.